सत्तेचाळीस मिनिटं आधी

डोणगावात बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर मिळतो, तोही उन्हाळ्यात. तरी तिकडे युरोपातल्या माँटे कार्लोच्या मोटार रॅलीत बर्फावर खिळ्यांचं टायर घालावं की बिनखिळ्यांचं, यावरून माझ्या दुकानात दर जानेवारीत भांडण होतं. एका वर्षी तर वामनराव आणि हरिओम पंधरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. तिकडे रॅली संपली, गाड्या धुऊन ठेवल्या गेल्या असतील, इकडे यांची तोंडं अजून दोन दिशांना.

दुकान मेहकर रस्त्यावर आहे. पाटीवर ‘रॅली ऑटो पार्ट्स’ लिहिलंय आणि गिऱ्हाईक येतं ते ट्रॅक्टरचं बेअरिंग आणि मोटारसायकलची क्लच वायर मागायला. संध्याकाळी सहाला मी शटर अर्धं ओढतो आणि आमची बैठक भरते. गावात लोक पारावर बसून राजकारण करतात, आम्ही रॅली करतो. फरक इतकाच की पारावरच्या माणसांना आपण आमदार होतो असा भ्रम नसतो.

आमच्यात मात्र प्रत्येकाला भूतकाळ आहे.

वामनराव साठ एकरांचे धनी. त्यांच्याकडे जुनी जिप्सी आहे आणि ते टोयोटाच्या बाजूचे, कारण आपल्याकडचे सगळे मोठे पुढारी टोयोटातून उतरतात. त्यांचा भूतकाळ असा, की अठ्ठ्याण्णव साली जळगाव जामोदच्या पुढे सातपुड्याच्या घाटात एका शर्यतीत त्यांच्या जिप्सीनं तीन कोलांट्या खाल्ल्या, चारही चाकांवर परत उभी राहिली आणि तिसरी आली. मी ऐकलंय ते असं, की शेळी आडवी आली म्हणून जिप्सी नाल्यात उतरली आणि ती काढायला बैलजोडी लागली. शर्यतीत पहिला आणि दुसरा कोण आला हे वामनरावांना आजवर कुणी विचारलेलं नाही. आमच्या बैठकीचा तो नियमच आहे. मी तुझी कोलांटी मोजायची नाही, तू माझी मोजायची नाही.

हरिओम शाळेत लिपिक आहे, वयानं आमच्यापेक्षा लहान. तो ह्युंदाईचा, कारण एक दिवस त्याला ती घ्यायची आहे. त्याचा भूतकाळ मोबाइलमध्ये आहे. रॅलीच्या कुठल्याशा गेममध्ये तो जगात चार हजार सहाशे बारावा होता. “चार हजार म्हणजे काई कमी नाई हो,” तो म्हणतो, “जगाची लोकसंख्या पाहा.”

आणि मी ज्ञानेश्वर. मी नेव्हिगेटर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॅलीच्या गाडीत दोघं बसतात. एक चालवतो आणि दुसरा मांडीवर रोडबुक घेऊन पुढचं वळण कोणतं, खड्डा कुठे, घड्याळात किती वाजले हे सांगत जातो. तो नेव्हिगेटर. चौऱ्याण्णव साली नागपूरकडून एक मोठी रॅली आमच्या गावावरून गेली, तेव्हा एका गाडीचा नेव्हिगेटर डोणगावातली मिरचीची भजी खाऊन आडवा झाला आणि ड्रायव्हरनं गर्दीतून मला उचलून गाडीत बसवलं. बावीस वर्षांचा होतो. सिंदखेडराजापर्यंत मी त्या गाडीला असा रस्ता दाखवला, की उतरताना ड्रायव्हरनं मिठी मारली आणि आपली टोपी काढून मला दिली. ती टोपी दुकानात गल्ल्याच्या वर काचेच्या चौकटीत लावलेली आहे. पांढरी, पुढे लाल अक्षरांत ‘ऑफिशियल’.

ही गोष्ट मी एकतीस वर्षं सांगतोय. सासऱ्यांनी मुलगी दिली ती क्लच वायर विकणाऱ्याला नव्हे, नेव्हिगेटरला दिली. मुलाच्या शाळेत मला झेंडावंदनाला बोलावलं ते याच टोपीसकट. गावात कुणी पत्ता विचारला तर लोक म्हणतात, नेव्हिगेटरच्या दुकानाच्या बाजूनं जा. माझ्या नावातून ही गोष्ट काढली तर खाली बेअरिंगशिवाय काही उरत नाही, आणि ती गोष्ट खोटी आहे. मी गाडीत बसलोच नव्हतो. त्या दिवशी गावातल्या वीस पोरांना टोप्या वाटल्या होत्या आणि हातात लाल झेंडा देऊन फाट्यावर रहदारी अडवायला उभं केलं होतं. त्यातला एक मी. बाकीच्या एकोणीस जणांनी टोप्या उन्हातान्हात वापरून फाडल्या, मी काचेत घातली.

बैठकीतला चौथा देवानंद. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहे, केस पांढरे झाले, तरी वामनरावांपासून हरिओमपर्यंत सगळे त्याला नुसतं देवानंद म्हणतात. मीही म्हणायचो. दुकानात दोन खुर्च्या आणि एक स्टूल आहे. देवानंद दाराशी रचलेल्या टायरांवर बसायचा. कुणी बसवलं नव्हतं, आणि कुणी उठवलंही नव्हतं. बरोबर सहाला यायचा, चहा घ्यायचा, ऐकायचा आणि सात वाजून दहा मिनिटांनी उठायचा. घड्याळ न बघता. त्याला भूतकाळ नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मेहकर आगारातून तीस वर्षं लाल बस चालवली, यात सांगण्यासारखं काय असणार?

डिसेंबरात हरिओम मोबाइल नाचवत आला. शहरातला कुठलासा मोटार क्लब लोणारला रॅली भरवत होता. सरोवराजवळून निघायचं, सुलतानपूर, मेहकर, मग आमच्या डोणगावच्या आतल्या रस्त्यांनी फिरून परत लोणार. सगळं मिळून शहाण्णव किलोमीटर. आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, स्थानिकांसाठी वेगळा गट.

“आपली जिप्सी,” वामनराव म्हणाले. “मी ड्रायव्हर. आन् नेव्हिगेटर त हाजीरच आहे.”

“माझी कंबर दुखून राह्यली हो सध्या,” मी म्हणालो.

“जिप्सीत बसल्यावर सगळ्यांचीच दुखते. भौ, हे पाहा, एकतीस साल झाले आपून तुमची टोपी पाहून राह्यलो. आता गावाले नेव्हिगेटर पाहू द्या.”

हरिओमनं तेवढ्यात माझं नाव भरूनही टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी भाजीवालीनं विचारलं, लोणारले जाऊन राह्यले म्हणते तुमी? पळवाट बंद झाली. एकदा रोडबुक उलटं धरलं की वामनरावांसमोर, आणि वामनरावांमार्फत तालुक्यासमोर, माझा निकाल लागणार होता. रात्री झोप येईना. बायको म्हणाली, एवढी मोठी रॅली केलेली, आता या शहाण्णव किलोमीटरचं काय टेन्शन घेता. तिला काय सांगणार?

मग नियमावली आली, सोळा पानं, इंग्रजीत. हरिओमनं वाचून अर्थ लावला. प्रत्येक गाडी एकेका मिनिटाच्या अंतरानं सुटणार. ताशी बत्तीस किलोमीटरची सरासरी ठेवायची. रस्त्यात कुठेतरी तपासणीची टेबलं असतील, तिथं वेळेचा शिक्का घ्यायचा. उशीर झाला तर मिनिटाला एक गुण दंड. पुढच्या ओळीवर हरिओम अडला.

“लवकर आलं त मिनिटाले दोन गुण, असं लिहेल आहे,” तो म्हणाला. “म्हणजे बोनसच असन.”

टायरावरून देवानंद बोलला. बैठकीत तो स्वतःहून बोलायची बहुधा पहिलीच वेळ. “बोनस नाई, दंड. शहाण्णव किलोमीटर, बत्तीसची सरासरी, म्हणजे बराबर तीन तास. आधी पोचनं हा डबल गुन्हा आहे. लेट गाडीचा पॅसेंजर उभा त राह्यते, शिव्या देते पन भेटते. टायमाच्या आधी गाडी काढली त पॅसेंजर भेटतच नाई.”

वामनराव इतके हसले की चहा सांडला. “देवानंद, अबे हे रॅली आहे, मेहकर-लोणार जलद नाई!”

हरिओम हसला. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. तज्ज्ञ मी होतो. खरं सांगायचं तर मला देवानंदचं पटलं होतं. हिशेब सरळ होता. पण नेव्हिगेटरनं एसटी ड्रायव्हरचं ऐकायचं म्हणजे काचेतल्या टोपीनं खाली उतरायचं. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, “सरासरी म्हणजे कमीत कमी. आमच्या टायमालेही असंच होतं. त्याच्या खाली जायचं नाही, वर कितीही.”

“झालं!” वामनराव म्हणाले. देवानंदनं चहाचा कप खाली ठेवला आणि सात वाजून दहा मिनिटांनी उठून गेला.

जानेवारीतल्या रविवारी सकाळी आठला लोणारहून आमची जिप्सी सुटली. मांडीवर रोडबुक, त्यात बाणांची चित्रं. पहिल्या तीन चित्रांत मला घाम फुटला, मग लक्षात आलं की रस्ते आपलेच आहेत. बाणाकडे बघायची गरजच नव्हती. “पुढं कडुनिंब, डाव्या हाताला घ्या,” “पुढं किसनरावची विहीर, सांभाळून,” असं मी सांगत गेलो आणि वामनराव खूश होत गेले. “वा! याले म्हणते नेव्हिगेटर!” माझाही आवाज चढला. मला वाटायला लागलं, कदाचित त्या वेळी मी बसलोही असेन गाडीत.

मेहकरच्या पुढे एका वडाखाली जाकीट घातलेला माणूस दुमडलेल्या टेबलाशेजारी उभा राहून पोहे खात होता. आम्हाला बघून ताट टाकून धावत आला, दोन्ही हात हलवत. “पब्लिक पाहा कशी येडी होऊन राह्यली,” वामनराव म्हणाले आणि आम्ही हात हलवून पुढे गेलो. आमच्या डोणगावच्या अलीकडे आणखी एकानं तसंच केलं. त्यालाही हात केला. डोणगावात शाळेची पोरं ओळीनं उभी होती, तिथं तर वामनरावांनी हॉर्न दाबूनच ठेवला.

लोणारला शेवटच्या कमानीशी पोचलो तेव्हा कमान अजून आडवी पडली होती. मांडववाले कापड बांधत होते. बँडवाले तोंड धुऊन आले नव्हते. पण गर्दी होती, आणि गर्दीला पहिली गाडी दिसली. एका स्थानिक पुढाऱ्यानं प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेला हार आधी वामनरावांच्या आणि मग तोच काढून माझ्या गळ्यात घातला. “लोणारची माती विजेत्यांची माती आहे,” असं ते म्हणाले. आम्ही डोणगावचे आहोत हे सांगायला आम्ही विसरलो. एक बाई पोराला उचलून म्हणाली, पाह्य, हे पह्यले आले. कुणी न पाहिलेल्या गोष्टीसाठी नव्हे, तर पहिल्यांदाच डोळ्यांदेखत केलेल्या गोष्टीसाठी माझं कौतुक होत होतं. मला रडूच आलं थोडं.

आमच्या जिल्ह्यात साडेअकराचं लग्न दोनला लागतं, सभेचा पाहुणा दिवेलागणीला येतो. या मातीतला माणूस जन्मात एकदा सत्तेचाळीस मिनिटं आधी पोचला आणि तेही कुठे, तर जिथं आधी पोचणं गुन्हा आहे तिथं.

दुपारी निकाल लागला. सत्तेचाळीस मिनिटांचे चौऱ्याण्णव गुण दंड, दोन टेबलांवर शिक्का नाही त्याचा दंड वेगळा. स्थानिक गटात अकरा गाड्या होत्या, आम्ही अकरावे. पहिल्या आल्या लोणारच्या मंजुश्रीबाई, शाळेत गणित शिकवतात. नवरा गाडी चालवत होता, त्या वेळ बघत होत्या. वेळ शिल्लक राहिला म्हणून वाटेत गाडी उभी करून दोघांनी डब्यातली भाकरी खाल्ली होती. एकूण दंड दोन गुण.

परतताना सुलतानपूर सोडल्यावर वामनराव म्हणाले, “पन पह्यले पोचलं कोन?” मेहकरला म्हणाले, “आयोजकच तयार नव्हते.” डोणगावच्या फाट्यावर आलो तोवर आम्ही जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी वामनराव आणि हरिओम फ्लेक्स आणायला मेहकरला गेले. सहाला देवानंद आला. दुकानात आम्ही दोघंच. तो टायरावर बसला. मी चहा दिला. कालच्याबद्दल तो काहीच बोलेना, तेव्हा मीच म्हणालो, “बोल की. तू बरोबर होता.”

“जाऊ द्या, ज्ञानेश्वरभाऊ.” त्यानं टोपीकडे बघितलं. “तुमी झेंडा चांगला धरत होते.”

“कोणता झेंडा?” मी म्हणालो.

“चौऱ्यान्नव साल. मले नोकरी लागून दोन वर्षं झाले होते. मेहकर-मालेगाव बस. फाट्यावर तुमी लाल झेंडा आडवा धरला. म्या म्हटलं, सोडा हो, गाडीत नवरदेव आहे. तुमी म्हटलं, पंतप्रधान असला तरी सोडत नाई. एक तास बेचाळीस मिनिटं. नवरदेवाचा मुहूर्त गेला, त्याची माय रडली. लॉगशीटवर कारण लिवलं, ‘झेंडा’. तीस वर्षांत माही गाडी तेवढी लेट एकदाच झाली. तुमचं तोंड कसं विसरन?”

“मग इतकी वर्षं बोलला काऊन नाही?”

“तुमी रंगून सांगता. आयकाले बरं वाटते.” तो चहा प्यायला. “आन् मी म्हटलं असतं त कोनी आयकलं असतं काय?”

लाज वाटली. सरळ सांगतो, एकतीस वर्षांत वाटली नव्हती तेवढी लाज वाटली, खोट्याची कमी आणि त्या टायरांची जास्त. तीन वर्षं हा माणूस माझ्या दाराशी बसून माझी थाप ऐकत होता. ताशी बत्तीसची सरासरी काय असते हे रोज जगलेला गावातला एकुलता एक माणूस, आणि त्याला आम्ही भूतकाळ नाही म्हणालो.

साडेसहाला वामनराव आणि हरिओम फ्लेक्स घेऊन आले. दुकानात उलगडला. बारा फुटांचा. वर ‘लोणार रॅलीत सर्वप्रथम पोहोचल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. डावीकडे वामनराव, उजवीकडे मी, माझ्या कानांवर कुणा पायलटचे हेडफोन चिकटवलेले, आणि खाली ‘आंतरराष्ट्रीय नेव्हिगेटर’.

“हा लावायचा नाही,” मी म्हणालो.

“काऊन? फोटो नाई आवडला?”

“मी नेव्हिगेटर नाही. कधीच नव्हतो. चौऱ्याण्णवला मी फाट्यावर झेंडा धरून उभा होतो. ही टोपी वीस जणांना वाटली होती.”

हरिओम वामनरावांकडे बघायला लागला. वामनरावांचा चेहरा हळूहळू कोरडा पडत गेला, आणि मला दिसलं की ते माझा विचारच करत नव्हते. ते सातपुड्यातल्या नाल्याचा विचार करत होते. नेव्हिगेटर पडला तर उद्या कोलांट्या मोजल्या जाणार.

“थकले तुमी,” ते म्हणाले. “कालचं ऊन लागलं.”

“जानेवारीत?”

“लागते काही लोकायले. हरिओम, भौले पानी दे.”

“मी खोटं बोललो हो एकतीस वर्षं!”

“हे पाहा, भौ,” हरिओम समजावणीच्या सुरात म्हणाला, “मोठ्या खेळाडूले हरल्यावर असं होते. मी वाचलं आहे.”

मी दाराकडे वळलो. “देवानंदभाऊ,” मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा. “तुम्ही सांगा. तुमची बस मी अडवली होती की नाही? किती वेळ, ते सांगा यांना.”

तिघंही त्याच्याकडे बघत होतो. त्यानं कप खाली ठेवला. आधी माझ्याकडे बघितलं, मग काचेतल्या टोपीकडे, मग फ्लेक्सवरच्या माझ्या हेडफोनकडे. मला वाटलं आता सुटलो.

“तीस वर्षांत किती बसी, किती झेंडे,” देवानंदभाऊ म्हणाले. “मले काई ध्यानात नाई.”

“पाहा!” वामनराव म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. हरिओमनं फ्लेक्सची दोरी सोडायला घेतली.

मी खुर्ची पुढे सरकवली. “बसा,” म्हणालो, “इथं बसा.” त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडले. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून सहा मिनिटं झाली होती. तीस वर्षांत वेळेआधी स्टँडवरून गाडी न काढलेला माणूस चार मिनिटं आधी निघून गेला, आणि मी टोपीखाली उभा राहिलो.